शिवणक्लासची सुरुवात: पहिल्या टिपेपासून सहा कळ्यांच्या परकरापर्यंत

शिवणक्लासला नाव घातले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ब्लाऊज कधी शिकवणार? उत्तर कुणालाच आवडत नाही, पण ब्लाऊज सगळ्यात शेवटी. त्यात टक्स (कापडाला आकार देणाऱ्या चिमट्या), मुंढा (बाही जोडतात तो काखेचा गोल), बाही, हुकपट्टी आणि अंगाबरोबर बसणारे माप हे सगळे एकदम अंगावर येते. बिघडला तर नेमका कुठे बिघडला हेच नवख्या हाताला कळत नाही. परकरात मात्र सगळ्या टिपा सरळ असतात आणि चूक बोट ठेवून दाखवता येते. शिवाय थोडा वाकडातिकडा झाला तरी साडीखाली जातो.

शिकताना कपडा बिघडतो तो मशीनवर कमी, टेबलावर जास्त. कापड न धुता बेतले, उभा धागा न बघता खडू फिरवला, माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला ठेवायचे जादा कापड, कुठे पाव इंच तर कुठे पाऊण इंच सोडली, इस्त्रीचा कंटाळा केला, की पुढे टीप कितीही सरळ आली तरी कपडा नीट बसत नाही. म्हणून खाली मशीनइतकीच जागा टेबलावरच्या कामाला दिली आहे.

क्लास निवडताना

फी विचारायच्या आधी मशीन किती आणि एका वेळच्या बॅचमध्ये मुली किती, हे विचारा. दोघींत एक मशीन असेल तर ठीक. चौघींत एक असेल तर दोन तासांतला दीड तास बघण्यात जातो. घरी मशीन असेल तर याने फारसे बिघडत नाही, नसेल तर फार बिघडते. दुसरे म्हणजे फाईल करून घेतात का ते बघा. चांगल्या क्लासमध्ये प्रत्येक कपड्याचा कागदी बेत स्केलपट्टीने पाव मापात काढून फाईलला चिकटवायला लावतात आणि शेजारी टाक्यांचे नमुने लावतात. तीन महिन्यांनी हातात राहते ती ही फाईल. फॅशन, डिझाईन असले शब्द फलकावर असतील आणि आत फाईल नसेल तर विचार करा. सरकारी प्रमाणपत्र हवे असेल तर आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. घरापुरते शिकायचे तर खाजगी क्लास पुरतो.

सामान

कापड कापायची कात्री ९ किंवा १० इंची घ्या आणि तिने कागद कधीही कापू नका. कागदाने धार मरते, मग कापड कापले न जाता पात्यांत चावले जाते आणि कड करवतीसारखी निघते. धागे कापायला छोटी कात्री वेगळी. ६० इंची टेप घेतल्यावर एकदा स्टीलच्या पट्टीवर ताडून पाहा. स्वस्त टेप वापराने ताणते आणि ३६ इंचांत पाऊण इंचाचा फरक सहज पडतो. याशिवाय टेलरिंगचा खडू (पांढरा आणि एक रंगीत), बारीक टाचण्या, गुण्या (काटकोनी पट्टी), टाके उसवायचा कटर, हाताच्या सुया, सेफ्टी पिन, ब्राऊन पेपर. मशीनच्या सुया १४ नंबरच्या पाचसहा आणि ११ च्या दोन. सुई स्वस्त असते, ती मोडेपर्यंत वापरण्यात काटकसर नाही.

शिंपी इंचाचे आठ भाग करतात, त्यातल्या एकाला सूत म्हणतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. क्लासमध्ये मापे याच भाषेत सांगतात, तेव्हा टेपवरच्या या रेषा पहिल्याच दिवशी ओळखून ठेवा.

मशीन: आधी पाय, मग हात

क्लासमध्ये बहुतेक पायाचीच मशीन असते, आणि शिकायला तीच बरी. मोटरची मशीन नवख्या पायाखाली एकदम पळते. पायाच्या मशीनवर वेग आपल्या ताब्यात राहतो.

पहिल्या दिवशी दोरा नाही, कापड नाही. हातचाकाच्या मधला गोल स्क्रू सैल केला की चाक फिरते पण सुई हलत नाही. बूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, वर उचललेला ठेवा. उजव्या हाताने चाक आपल्याकडे फिरवून सुरुवात करा आणि मग पायाने लय धरा. एक पाय किंचित पुढे, एक मागे ठेवला तर पट्टा सुरळीत फिरतो. चाक उलटे, म्हणजे आपल्यापासून लांब फिरले की दोरा तुटतो किंवा शटलमध्ये अडकतो. नवख्या माणसाचा निम्मा दोरा याच कारणाने तुटतो. थांबताना हात चाकावर ठेवून थांबायचे, नुसता पाय थांबवून नाही. पाय थांबल्यावर चाक अर्धा फेरा उलटे जाऊ शकते.

पाय बसला की मधला स्क्रू घट्ट करा आणि दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर सुई चालवा. आधी सरळ रेघा, मग चौकोन, मग गोल, शेवटी गोगलगाईसारखा आत जाणारा गोल. चौकोनाच्या कोपऱ्यावर सुई कागदात खाली ठेवायची, बूट उचलायचा, कागद वळवायचा, बूट खाली. ही सवय पुढे कॉलर, खिसा, पट्टी सगळीकडे लागते. कागद उजेडाकडे धरला की भोकांची रांग दिसते आणि हात कुठे थरथरला ते लपत नाही. कागदावर चालवलेली सुई बोथट होते, ती कापडाला वापरू नका. सरावाची म्हणून बाजूला ठेवा.

मग दोरा. तो ओवताना बूट वर असायला हवा. बूट खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या आवळलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये जात नाही, वरच्यावर राहतो आणि टीप मारताच कापडाखाली दोऱ्याचे जाळे होते. सुई बसवताना तिची लांब खाच ज्या बाजूला, त्याच बाजूने दोरा ओवायचा. सपाट बाजू त्याच्या विरुद्ध येते. सुई वर टेकेपर्यंत ढकला आणि मगच स्क्रू आवळा. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, काठोकाठ भरू नका, आणि भरताना दोरा सैल राहिला तर शिवताना टाके लहानमोठे पडतात. शेवटी वरचा दोरा धरून चाक एक फेरा फिरवा, खालचा दोरा वर ओढून घ्या आणि दोन्ही दोरे तीनचार इंच बुटाखालून मागे सोडा. सुरुवातीचे दोनतीन टाके पडेपर्यंत ती टोके बोटाने धरून ठेवायची, नाहीतर ती आत ओढली जाऊन पहिल्याच टाक्याला गुंता होतो.

मशीन बिघडली म्हणण्याआधी काही गोष्टी तपासा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याच्या सैल वेटोळ्या दिसल्या तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो: टेन्शन सैल किंवा दोरा चकत्यांत गेलेला नाही. वरच्या बाजूला वरचा दोरा सरळ रेघेसारखा पडलेला आणि खालचा दोरा वर ओढलेला दिसला तर वरचे टेन्शन जास्त किंवा बॉबिन केसचे कमी. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत सोडा. आपणहून घसरत खाली गेली तर सैल, हलका झटका दिल्यावर इंचभर उतरून थांबली तर बरोबर, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. तिचा बारीक स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. टाके मधेच सुटत असतील तर सुई बदला. सुई वारंवार मोडत असेल तर तुम्ही कापड मागून ओढताय. कापड पुढे न्यायचे काम बुटाखालच्या दात्यांचे आहे, हाताने फक्त दिशा द्यायची.

तेल मशीनचेच, प्रत्येक भोकात एकदोन थेंब, आणि नंतर एखाद्या चिंधीवर दोनचार टिपा मारून जादाचे पुसून घ्यायचे. खोबरेल घालू नका. ते आत चिकट होऊन बसते आणि थंडीत थिजून मशीन जड चालते.

चिंधीवरचा सराव

पॉपलीनच्या आठ इंची चौकोनी तुकड्यांवर सुरुवात करा. टाक्याची लांबी ठरवणारा रेग्युलेटर असा लावा की इंचात १० ते १२ टाके पडतील. टेप लावून मोजा, रेग्युलेटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. मशीनच्या पाट्यावर सुईपासून बरोबर अर्ध्या इंचावर चिकटपट्टी लावून घ्या. कापडाची कड या पट्टीला लावून चालवायची आणि नजर सुईवर नाही, पट्टीवर ठेवायची. सुईकडे बघत राहिले की टीप नागमोडी येते. अर्ध्या इंचाची टीप जमली की पाव इंचाची. टीपेच्या सुरुवातीला आणि शेवटी तीनचार टाके मागेपुढे घ्यायचे, नाहीतर टीप धुण्यात सुटते.

हाताचे टाके या आठवड्यातच उरका: कच्चा टाका, उलटी टीप, तुरपाई, काज आणि हुक. तुरपाईत खालच्या कापडाचा एकच धागा उचलायचा असतो. सुई आरपार गेली की सुलट बाजूला ठिपक्यांची रांग दिसते.

कापड कळले पाहिजे

पहिल्या कपड्याला पॉपलीन किंवा केंब्रिक. सॅटीन, जॉर्जेट, शिफॉन दिसायला छान असतात, पण टेबलावरच सरकतात आणि बेतलेले माप खडू फिरेपर्यंत बदलते. चौकटीचे आणि रेघांचेही आत्ता नको, जुळवावे लागतात.

सुती कापड धुतल्यावर आटते आणि उंचीत जास्त आटते. म्हणून आधी तासभर पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, किंचित ओलसर असताना इस्त्री करा. दुकानातून आणलेले कापड तसेच बेतले तर पहिल्या धुण्यानंतर परकर घोट्याच्या वर जातो.

काठाला समांतर जातो तो उभा धागा, काठापासून काठापर्यंत जातो तो आडवा. कापड दोन्ही दिशांना ओढून बघा: उभे जवळजवळ ताणत नाही, आडवे थोडे ताणते, आणि कोपऱ्यातून तिरके ओढले की रबरासारखे लांबते. ही तिरकी दिशा म्हणजे उरेब. गळ्याच्या पट्टीला हीच हवी असते आणि परकराच्या तिरक्या कडांना हीच नडते. दुकानदाराने कात्रीने कापलेली कड सरळ असते असे नाही. पॉपलीनला कडेला एक छोटी चीर देऊन फाडून टाका. ते आडव्या धाग्यावरच फाटते. फाडल्यावर कोपरे काटकोनात येत नसतील तर दोघींनी दोन तिरके कोपरे धरून ओढा आणि इस्त्री करा.

सहा कळ्यांचा परकर

कळी म्हणजे परकराचा वर अरुंद, खाली रुंद असा उभा तुकडा. कापड ३६ इंची पन्ह्याचे (रुंदीचे), सव्वादोन मीटर, एकरंगी. छापील कापडात फुलांचे देठ एका दिशेला असतील तर ते घेऊ नका, कारण यात चार कळ्या उलट्या फिरवाव्या लागतात आणि त्यांवरची फुले खाली डोके वर पाय होतात.

मापे दोनच लागतात. उंची नाडी बांधतो तिथपासून घोट्यापर्यंत, आणि सीट, म्हणजे नितंबांवरचा घेर. बेताची उंची म्हणजे हवी ती उंची अधिक पाव इंच. नेफ्याची (नाडी ओवायच्या जागेची) पट्टी सव्वा इंच वाढवते, जोडाची माया अर्धा आणि खालची दुमड एक इंच खाते. तयार उंची पावणे एकोणचाळीस हवी असेल तर बेत ३९ इंचांचा. पुढची आकडेमोड याच मापाची आहे. बेताची उंची ४१ च्या आसपास जात असेल तर कापड अडीच मीटर घ्या.

धुतलेल्या कापडातून ३९ इंचांचे दोन तुकडे फाडून घ्या. सुमारे सात इंच उरतील; त्याच्या साडेतीन इंच रुंदीच्या दोन पट्ट्या नेफ्यासाठी. आता दोन्ही मोठे तुकडे एकावर एक ठेवा, काठावर काठ, आणि मग उभी घडी घाला. चार पदर झाले: एका बाजूला घडी, दुसऱ्या बाजूला चार काठ, रुंदी १८ इंच. चारी बाजूंना टाचण्या लावा.

माथ्याच्या कडेवर घडीपासून ४ इंचांवर खूण करा. तळाच्या कडेवर घडीपासून ११ इंचांवर. या दोन खुणा लांब पट्टीने जोडा. सगळ्या परकराचा बेत म्हणजे ही एक तिरकी रेघ. कात्री टेबलावरून न उचलता रेघेवर कापा. कात्री उचलली की खालचे पदर सरकतात.

घडीच्या बाजूने दोन मोठ्या कळ्या निघतात, माथ्याला ८ आणि तळाला २२ इंच. एक पुढे, एक मागे. काठाच्या बाजूने चार लहान कळ्या निघतात. त्यांचे रुंद टोक सध्या वर आहे आणि अरुंद खाली, म्हणून त्या उलट्या फिरवायच्या: ७ इंचांची बाजू माथ्याला, १४ इंचांची तळाला. फिरवल्याबरोबर प्रत्येक कळीच्या माथ्यावर खडूने फुली मारा. ही फुली नसेल तर एखादी कळी उलटी जोडली जातेच.

हिशेब करून बघा. माथ्याला दोनदा ८ आणि चारदा ७ मिळून ४४ इंच, त्यातून सहा जोडांचे सहा इंच गेले, राहिले ३८. तळाला दोनदा २२ आणि चारदा १४ मिळून १००, वजा सहा, म्हणजे ९४ इंच घेर. चालताना अडत नाही आणि साडीखाली फुगतही नाही. पन्हा धुतल्यावर ३५ भरला तरी घाबरू नका: वरची खूण ४ इंचांवरच ठेवा आणि खालची साडेदहावर, घेर ९० होईल, माथा तसाच राहील. सीट ४२ च्या वर असेल तर ३६ पन्ह्यातच वरची खूण ५ इंचांवर आणि खालची ११ वर घ्या; माथा ४२ आणि घेर ९० येतो.

जोडणी

लहान कळीला एक कड सरळ, काठाची, आणि एक तिरकी असते. मोठ्या कळीच्या दोन्ही कडा तिरक्या. मोठ्या कळीच्या तिरक्या कडेला लहान कळीची सरळ कड जोडायची. तिरक्याला तिरकी जोडली की दोन्ही ताणतात आणि परकर त्या शिवणीवर लोंबतो. अशा जोडणीत तिरक्याला तिरकी फक्त दोन्ही बगलांना येते, म्हणजे सहापैकी दोनच ठिकाणी.

मशीनवर तिरकी कड खाली आणि सरळ कड वर ठेवा. बुटाखालचा वरचा पदर पुढे सरकतो आणि दाते खालचा पदर आत घेतात. ताणणारे कापड खाली असले की दाते त्याला आवरतात. उलटे ठेवले तर तिरकी कड ताणत जाते आणि शिवण लाटांसारखी येते.

टाचण्या माथ्यापासून लावा आणि टीपही माथ्यापासून सुरू करा. तळाशी पोचल्यावर तिरकी कड सरळ कडेपेक्षा सुमारे पाच सूत जास्त लांब भरेल. ही चूक नाही. तिरकी रेघ उभ्या रेघेपेक्षा लांब असणारच. नवख्या मुली इथे कापड ओढून दोन्ही टोके जुळवतात आणि सगळी शिवण चुणते. ते टोक खाली तसेच लोंबू द्या.

क्रम असा ठेवा: पुढची मोठी कळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना लहान कळ्या, मग मागचे तसेच, मग उजवी बगल पूर्ण, शेवटी डावी बगल. अर्ध्या इंचाची टीप झाली की मायेचा एक पदर पाव इंचाहून किंचित कमी ठेवून कातरा, दुसरा पदर त्यावर दुमडून आत घ्या, इस्त्री करा आणि कडेवर दाबटीप मारा. कच्ची कड आत झाकली जाते, ओव्हरलॉक लागत नाही. इस्त्री न करता दाबटीप मारली तर दुमड मधेच निसटते आणि दोन धुण्यांत तिथून दोरे निघतात.

डाव्या बगलेला माथ्यापासून ८ इंच सोडून टीप सुरू करा. तिथे परकर उघडा राहतो. या एका शिवणीची माया दोन्ही बाजूंना उघडा, प्रत्येक कड पाव इंच आत दुमडून इस्त्री करा आणि माथ्यापासून तळापर्यंत दोन्ही बाजूंनी टीप मारा. उघड्या भागाच्या कडाही त्यातच बंद होतात. चिरेच्या तळाशी चारपाच वेळा मागेपुढे आडवी टीप घ्या. परकर घाईत घालताना फाटतो तो इथेच.

नेफा आणि नाडी

सगळ्या कळ्या जोडल्यावर माथ्याची कड थोडी कंगोरेदार दिसते. खडूने गोलसर करून कंगोरे कातरा. फार खोल जाऊ नका, दोन सूत पुरे. दोन्ही पट्ट्या जोडून ३९ इंच लांब करा, दोन्ही टोके अर्धा इंच आत दुमडून टीप मारा. आता ती माथ्याइतकी, ३८ इंच झाली. पट्टीची सुलट बाजू परकराच्या उलट बाजूवर ठेवा, अर्ध्या इंचावर टीप. पट्टी वर वळवा, दुसरी कड अर्धा इंच आत दुमडा, पुढे आणून आधीची टीप झाकेल अशी बसवा आणि सुलट बाजूने कडेवर टीप मारा. पट्टी उलट बाजूने सुरू करण्याचे कारण एवढेच की शेवटची टीप डोळ्यासमोर पडते. सुलट बाजूने सुरू केली तर ती आत पडते आणि अर्धी पट्टी टिपेतून सुटलेली नंतर कळते.

नाडी कंबरेपेक्षा २० इंच जास्त. सेफ्टी पिन लावून ओवा आणि दोन्ही टोकांना गाठ मारा, नाहीतर धुताना नाडी आत जाते.

खालची दुमड: एक दिवस थांबा

नेफा झाला की परकर हँगरला क्लिपने टांगून एक रात्र ठेवा. उरेबातल्या बगला स्वतःच्या वजनाने खाली येतात. लगेच दुमड मारली तर त्या नंतर येतात आणि परकर दोन्ही बाजूंना लोंबलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी परकर घालून सरळ उभे राहा आणि दुसरीला जमिनीपासून पट्टी उभी धरून सगळीकडे सारख्या उंचीवर खडूने खुणा करायला सांगा. स्वतः वाकून केल्या की पुढून परकर आखूड होतो. खुणांच्या खाली एक इंच ठेवून बाकी कातरा. आधी पाव इंच आणि मग पाऊण इंच दुमडा.

दुमडीची कड घेरातली सगळ्यात मोठी आणि ती जिथे शिवायची तिथला घेर जरा लहान, त्यामुळे थोडे कापड उरते. एका जागी उरू दिले तर तिथे चुणी पडते. इस्त्रीने दाबत दर दोन इंचांवर टाचणी लावली की जिरते. दुमड दीड इंचाची केली तर ते जिरत नाही.

नंतर काय

परकर झाला की एक झबले करा, कारण त्यात गळा आणि मुंढा येतो आणि कापड अर्धा मीटरच लागते. छाती १८ इंच असलेल्या बाळासाठी सैलपणा ४ इंच धरून २२, त्याचा चौथा भाग साडेपाच, अधिक माया अर्धा, म्हणजे चार पदरी घडीवर रुंदी ६ इंच आणि तळाला ७. मुंढ्याची खोली साडेचार, गळ्याची रुंदी घडीपासून पावणेदोन, खांदा अडीच, खांद्याचा उतार अर्धा इंच. गळ्याची खोली पुढे दोन, मागे पाऊण. हे दोन गळे वेगवेगळे कापायचे असतात: आधी चारी पदर मागच्या खोलीने कापा, मग पुढचा तुकडा बाजूला घेऊन तो खोल करा. मागे चार इंचांची चीर आणि ती बांधायला नाडीचे बंद ठेवाच. बाळाचे डोके छातीएवढेच असते. गळा बंद ठेवला तर झबले अंगात जात नाही.

गळ्याला आणि मुंढ्याला उरेब पट्टी सव्वा इंच रुंद. कापडाचा आडवा धागा उभ्यावर येईल असा कोपरा दुमडला की घडीची कड बरोबर उरेबात येते, तिला समांतर पट्ट्या कापा. टीप पाव इंचावर. पट्टी ओढू नका, ओढली तर गळा चुणतो. गळाही ओढू नका, तो ओढला तर लोंबतो. टीप झाल्यावर गोलाईत मायेला दर अर्ध्या इंचावर कात्रीचे टोक लावा, टिपेपासून एक सूत अलीकडे थांबून. हे काप दिले नाहीत तर पट्टी आत वळतच नाही, आणि टीप कापली गेली तर तिथे भोक पडते.

ब्लाऊजकडे जायचे ते यानंतर. पहिला ब्लाऊज सुती टू बाय टूचा, अस्तर नाही, पायपिंग नाही, कटोरी नाही, साधा चार टक्सचा. माप अंगावरून घ्याच, पण व्यवस्थित बसणारा एक जुना ब्लाऊज उसवून कागदावर ठेवून बघा आणि दोन्ही मापे ताडा. बगलेला माया एक इंच सोडा, खांद्याला पाऊण. बेत आधी जुन्या चादरीवर कापून कच्च्या टाक्याने जोडून अंगावर चढवा, हात वर करून बघा, वाकून बघा. मुंढ्यात काचत असेल तर लगेच खोली वाढवू नका. आधी बगलेची माया दोन सूत सोडून बघा. बहुतेक वेळा छातीचे माप कमी घेतलेले असते आणि ताण मात्र मुंढ्यात दिसतो. बगलेने सुटले नाही तर मग मुंढ्याच्या तळाला एक सूत कातरा, परत घाला, आणि मगच पुढचे सूत.